पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवताना
दात काढल्यानंतर रिकाम्या जागेचे हाड हळूहळू झिजत जाते, म्हणून जळगाव-धुळ्याच्या दंतवैद्याकडे जाणे सुगीनंतर पाहू म्हणून लांबणीवर टाकू नये. सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमध्ये) हाडाची उंची-रुंदी पाहूनच इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू, बसवून घ्यावा. मधुमेह असल्यास साखर आधी आटोक्यात आणावी आणि तंबाखू सोडावीच, कारण तिच्यामुळे जखम भरायला वेळ लागतो व इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. माझ्या मते या एका बाबतीत कोणतीही सवलत मागू नये. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस कळण्याची भाकरी आणि झणझणीत शेवभाजी बाजूला ठेवून कोमट, मऊ मुगाची खिचडी दुसऱ्या बाजूने खावी. हाड स्क्रूला घट्ट धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. स्क्रूवरची पक्की कॅप (कृत्रिम दात) बहुधा त्यानंतरच बसते. पुढेही कॅपच्या कडेची हिरडी रोज मऊ ब्रशने स्वच्छ करावी आणि रक्त दिसल्यास लगेच तपासून घ्यावे.