जुन्या कागदांतले ‘मोकी’ मराठीत कसे लिहावे

ईशान्य अ‍ॅरिझोनातील होपी या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांविषयी मराठीत लिहिताना जुन्या नकाशांत आणि सरकारी कागदांत ‘मोकी’ हे नाव हमखास आढळते. ते कुठे ठेवावे आणि कुठे बदलावे, हे ठरवण्याआधी त्याचा उगम पाहावा. हे लोक पूर्वी स्वतःला ‘मोक्वी’च्या जवळपास उच्चार असलेल्या नावाने संबोधत. स्पॅनिशांनी ते कागदावर उतरवले, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्यातला ‘व’ गळून ‘मोकी’ उरले. होपी भाषेत मात्र या उच्चाराशी जुळणारा शब्द ‘मरतो, मेला आहे’ या अर्थाचा आहे. एका गळलेल्या व्यंजनापायी जिवंत समाजाला मेलेला म्हटले जावे, हे मनाला फार लागते.

हर्णैच्या समुद्रातला आपला सुवर्णदुर्ग इंग्रजांनी ‘सेव्हर्नड्रूग’ केला. १७५५ साली तो जिंकणाऱ्या विल्यम जेम्सच्या स्मरणार्थ लंडनमध्ये उभारलेला बुरूज आजही त्याच नावाचा आहे. त्या बुरुजाविषयी लिहिताना आपण ‘सेव्हर्नड्रूग’च लिहू, पण किल्ल्याला कोणी तसे म्हटले तर हर्णैकर ते चालवून घेणार नाही. ‘मोकी’लाही हाच न्याय लावावा.

म्हणजे स्वतःच्या वाक्यात सर्वत्र ‘होपी’ लिहावे. १६ डिसेंबर १८८२ च्या ज्या आदेशाने राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी या लोकांसाठी भूभाग राखून ठेवला, त्यात ‘मोकी’ हेच नाव आहे; असा मजकूर उद्धृत करताना ते अवतरणचिन्हांत जसेच्या तसे ठेवून पहिल्याच उल्लेखाला ‘म्हणजे होपी’ अशी जोड द्यावी. अमेरिकेच्याच युटा राज्यातील ‘मोकी डगवे’ या घाटरस्त्याचे नाव विशेषनाम म्हणून तसेच राहील.

युटातच वालुकाश्मातून सुटणाऱ्या गोल गोट्यांनाही ‘मोकी मार्बल्स’ म्हणतात. बाहेर लोहाच्या ऑक्साइडचे कठीण कवच आणि आत बहुधा वाळू, अशी त्यांची घडण असते. जांभ्याचा चिरा हाताळलेल्या कोकणी माणसाला तो गंजासारखा रंग लगेच ओळखीचा वाटेल. शाळेच्या प्रदर्शनात असा गोटा मांडायचा असेल, तर चिठ्ठीवर सरळ ‘लोहयुक्त गोटा’ लिहावे.

‘होपी’चा अर्थ सहसा ‘शांतताप्रिय’ असा दिला जातो, पण तो मला अपुरा वाटतो. सभ्य, रीतीने वागणारा माणूस, हा भाव त्यात आहे आणि भाषांतरात तोच यावा.