दोन देशांतल्या वर्गांची थेट व्हिडिओ भेट ठरवताना

जोडीदार वर्ग शोधताना नकाशावरचं अंतर नको, घड्याळ बघा. जर्मनी आणि दक्षिण आफ्रिका एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब, पण युरोपातल्या उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ असते. उलट ब्रिटनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा जपानमध्ये संध्याकाळचे पाच किंवा सहा झालेले असतात. अशा जोडीने थेट भेटीचा हट्ट धरू नये, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ एकमेकांना पाठवावेत.

वेळेची सगळ्यात मोठी फसगत मार्चमध्ये होते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळ दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडनमधला फरक पाचऐवजी चार तासांचा होतो, आणि एक वर्ग रिकाम्या पडद्यासमोर बसून राहतो. म्हणून निरोपात दोन्हीकडची स्थानिक वेळ, तारीख आणि यूटीसी (जगभर एकच धरली जाणारी प्रमाण वेळ) अशा तिन्ही गोष्टी लिहा. सुट्ट्यांच्या याद्याही आधीच मागवा. जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, ऑस्ट्रेलियाचं जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत.

तयारीला सहा आठवडे ठेवा. त्यातला बराच काळ पालकांच्या संमतीपत्रांत जातो. भेटीत सहभाग आणि भेटीचं रेकॉर्डिंग यांची संमती वेगवेगळी घ्या. बरेच पालक पहिलीला हो म्हणतात, दुसरीला नाही. पडद्यावर मुलांची आडनावं दिसू देऊ नका, वेटिंग रूम (शिक्षकाने आत घेईपर्यंत येणाऱ्याला बाहेर थांबवणारी सोय) चालू ठेवा.

चाचणी दोन्ही शिक्षकांनी भेट जिथून होणार त्याच खोलीतून, त्याच संगणकावरून, त्याच वेळेला करावी. घरून केलेली चाचणी काही सांगत नाही, कारण शाळेचं फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) तिथे नसतं आणि त्या तासाला नेट वापरणारे बाकीचे वर्गही नसतात. डाउनलोडपेक्षा अपलोडचा वेग महत्त्वाचा: तीन-चार एमबीपीएस स्थिर मिळाले तर चित्र नीट जातं. वायफायऐवजी केबल लावा. मुलांच्या पाठीमागे खिडकी नको, चेहरे काळे दिसतात.

आवाजाकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष द्या. चित्र अडखळलं तर मुलं चालवून घेतात. आवाज गेला की पाच मिनिटांत वर्ग हातातून सुटतो. लॅपटॉपचा माइक मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, तो मुलाच्या शब्दांऐवजी खोलीचा घुमारा उचलतो. बोलणाऱ्या मुलाने उठून माइकपाशी यावं, तोंड आणि माइक यांत वीतभर अंतर. एकाच खोलीत दोन उपकरणं कॉलला जोडून दोन्हींचे माइक आणि स्पीकर चालू ठेवले की शिट्टी वाजणारच. मुलं गाणार किंवा वाद्य वाजवणार असतील तर नॉइज सप्रेशन (आजूबाजूचा गोंगाट गाळणारी सोय) आधी बंद करा, नाहीतर सॉफ्टवेअर सुरांनाच गोंगाट समजून कापून टाकतं.

आवाज पोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या उशिरामुळे दोन्हीकडची मुलं एकदम बोलायला लागतात आणि एकदमच गप्प होतात. यावर साधा उपाय: प्रश्न संपला की समोरच्या मुलाचं नाव घ्यायचं आणि मनात तीन आकडे मोजायचे.

प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक मुलाकडे पोस्टकार्डाएवढं एक कार्ड द्या. वर त्याचं नाव, मध्ये प्रश्न, खाली उत्तर आल्यावर विचारायचा जोडप्रश्न. हा जोडप्रश्न फार मोलाचा, कारण खऱ्या गप्पा तिथून सुरू होतात. ‘तुमच्या देशाची लोकसंख्या किती?’ हे पुस्तकात मिळतं, त्यासाठी थेट भेट वाया घालवू नका. ‘घरी पोचल्यावर दप्तर कुठे टाकतोस?’ विचारलं की समोरचं मूल हसून बोलायला लागतं. जोडप्रश्न: ‘मग कोण ओरडतं?’

चाळीस मिनिटांची भेट असेल तर ओळखीला पाच, प्रश्नांना पंचवीस, उरलेली दहा मोकळी. पंचवीस मिनिटांत दहा-बारा प्रश्नच होतात; वीस आणाल तर शेवटच्या मुलांचे राहून जातील आणि ती हिरमुसतील. ज्यांची पाळी नाही त्यांना कामं वाटा: दोघं नोंदी घेतील, एक घड्याळ बघेल, एक चॅटवर लक्ष ठेवेल.

दुसऱ्या शिक्षकाचा फोन नंबर कागदावर हाताशी असू द्या. दहा मिनिटांत जोडणी झाली नाही तर ताणू नका, आधीच ठरवून ठेवलेल्या राखीव तारखेवर जा. राहिलेले प्रश्न मुलांनी स्वतः लिहून दोन दिवसांत पाठवावेत.