पहिली दुर्बीण घेण्याआधी: आकाशदर्शनाची साधने आणि भेटवस्तू कशा निवडाव्यात

महाराष्ट्रात आकाशदर्शनाचा हंगाम पावसाळा ओसरल्यावर सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. घरात दुर्बीण घ्यावी हा विचारही साधारण याच सुमारास, दसरा-दिवाळीच्या आगेमागे निघतो. कुणाला ती मुलीसाठी हवी असते, कुणाला निवृत्त झालेल्या वडिलांसाठी, तर कुणाला स्वतःची लहानपणापासून राहून गेलेली हौस पुरी करायची असते. घेतलेल्या दुर्बिणींपैकी पुष्कळशा थोड्याच दिवसांत माळ्यावर जाऊन पडतात आणि त्यामागे आवडीचा अभाव क्वचितच असतो. बहुतेक वेळा साधन चुकीचे निवडलेले असते किंवा ते योग्य वेळेच्या फार आधी हाती आलेले असते. म्हणूनच खरेदीपूर्वी थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

सुरुवात डोळ्यांनी करावी, हे मी आग्रहाने सांगेन. ज्याला मृग नक्षत्र ओळखता येते, त्याच्या मध्यातील तीन ताऱ्यांची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध आणि दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी व पुढे कृत्तिका सापडतात हे ज्याने स्वतः पाहिले आहे, त्याच्याच हातात दुर्बिणीचे चीज होते. दुर्बिणीतून आकाशाचा अगदी लहानसा तुकडा दिसतो. तो तुकडा कुठला हे ठाऊक नसेल तर माणूस नुसताच काळोखात फिरत राहतो. या टप्प्यावर लागणारे साधन म्हणजे फिरती ताराचकती. तारीख आणि वेळ जुळवली की त्या क्षणी क्षितिजावर असलेले तारे तिच्या खिडकीत दिसतात. मात्र चकती कोणत्या अक्षांशासाठी बनवली आहे, हे पाहूनच ती घ्यावी. परदेशातून येणाऱ्या अनेक चकत्या ४० ते ५० उत्तर अक्षांशासाठी असतात. त्या अक्षांशांवर अगस्ती कधी उगवतच नाही आणि ध्रुवतारा आकाशात बराच वर असतो; पुण्यात मात्र अगस्ती हिवाळ्यात दक्षिणेला ठळक दिसतो आणि ध्रुव उत्तर क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो. आपल्यासाठी २० अंशांच्या जवळपासची चकती योग्य ठरते. मोबाइलवर स्टेलॅरियमसारखे अॅप वापरण्यासही हरकत नाही, पण पडद्याचा उजेड अगदी कमी ठेवून रात्रीची लाल छटा निवडावी, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती सारी वाया जातात.

यानंतरची खरेदी बायनॉक्युलरची असावी. निम्म्याहून अधिक नवशिक्यांना पुढची दोन वर्षे एवढे साधन पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बायनॉक्युलरवर १०×५० असे लिहिलेले असते. त्यातील पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. आकाशासाठी दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण भिंग जितके मोठे तितका प्रकाश अधिक गोळा होतो आणि तितके मंद तारे दिसू लागतात. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की नेत्रिकेतून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते: १०×५० मध्ये ती ५ मिलिमीटर, तर ७×५० मध्ये सुमारे ७ मिलिमीटर येते. तरुण डोळ्याची बाहुली गडद अंधारात सातेक मिलिमीटरपर्यंत उघडते, पण वय वाढते तशी ती कमी उघडते, आणि शहराच्या उजेडात तर कुणाचीच पूर्ण उघडत नाही. त्यामुळे साठीच्या पुढील व्यक्तीसाठी किंवा शहरात राहणाऱ्यासाठी ७×५० मधील बराचसा प्रकाश फुकट जातो. त्यांना १०×५० किंवा वजनाला हलकी ८×४२ अधिक उपयोगी पडते. दहा पटींहून अधिक विवर्धन असलेली बायनॉक्युलर हातात स्थिर राहत नाही, तिला तिवई हवीच. विवर्धन कमीजास्त करता येणारी झूम बायनॉक्युलर आणि भिंगांवर लालभडक चकाकी असलेली बायनॉक्युलर, या दोन्ही टाळाव्यात.

दुकानात एवढी तपासणी अवश्य करावी. बायनॉक्युलर हातभर लांब धरून उजेडाकडे रोखली की नेत्रिकेत प्रकाशाचे छोटे वर्तुळ दिसते. ते पूर्ण गोल असेल तर आतील लोलक चांगल्या काचेचे, म्हणजे बॅक-४ प्रकारचे असण्याचा संभव अधिक. कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर काच हलकी असते. नंतर दूरच्या इमारतीकडे किंवा टॉवरकडे पाहावे. चित्र दोन-दोन दिसत असेल किंवा मिनिटभरात डोळ्यांवर ताण येत असेल, तर दोन्ही नळ्या एकमेकींना समांतर नाहीत असे समजून ती जोडी परत करावी. शेवटी, मध्यभागी तिवईला जोडण्याचे छिद्र आहे ना, हेही पाहावे.

अशा साध्या साधनातून किती दिसते, याची पुष्कळांना कल्पना नसते. डोळ्यांना सहा-सात ताऱ्यांचा पुंजका वाटणाऱ्या कृत्तिकांत डझनावारी तारे दिसतात. पुष्य नक्षत्रातील धूसर ठिपका उलगडून ताऱ्यांचा थवा होतो. मृगाच्या तीन ताऱ्यांखाली तेजोमेघाचा, म्हणजे वायू आणि धुळीच्या ढगाचा, राखाडी डाग स्पष्ट होतो. आणि अंधाऱ्या जागेवरून देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाचा, लांबट पट्टा दिसतो. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार उपग्रह भिंतीला टेकून, हात स्थिर ठेवून पाहता येतात. मे महिन्याच्या उत्तररात्री वृश्चिकाच्या नांगीजवळचे दोन तारकागुच्छ तर दुर्बिणीपेक्षा बायनॉक्युलरमध्येच अधिक खुलतात, कारण तिचे दृश्यक्षेत्र मोठे असते.

आता दुर्बीण. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "५२५ पट" असे छापलेले असेल तर ती दुर्बीण तशीच परत ठेवावी. हा आकडा कसा येतो ते पाहा: दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (भिंग किंवा आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतच्या अंतराला) नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की विवर्धन मिळते. ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत ४ मिलिमीटरची नेत्रिका बसवली की १७५ पट होते, आणि मध्ये तिप्पट करणारे बार्लो भिंग घातले की ५२५. गणित बरोबर आहे, पण अशा दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास अनेकदा फक्त ६० मिलिमीटर असतो. व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे दोन पट ही उपयुक्त विवर्धनाची कमाल मर्यादा मानली जाते. म्हणजे ६० मिलिमीटरला १२० पट, तेही हवा स्थिर असताना. त्यापुढे चित्र मोठे होते पण अंधुक आणि गिचमिड होत जाते. शनीची कडी दिसायला तीसेक पट पुरते. मार्च २०२५ मध्ये ही कडी आपल्याला जवळजवळ कडेने दिसत होती. पुढील काही वर्षे ती अधिकाधिक उघडत जाणार असल्याने नव्या निरीक्षकासाठी हा काळ चांगला आहे.

माझ्या मते पहिल्या दुर्बिणीसाठी दोनच पर्याय विचारात घेण्यासारखे आहेत. जागा लहान आणि खर्चाची मर्यादा कडक असेल तर ७० ते ८० मिलिमीटर व्यासाची भिंगाची दुर्बीण घ्यावी, पण तिची तिवई भक्कम हवी. नळीला हलकी टिचकी मारल्यावर चित्र दोन-तीन सेकंदांत स्थिर झाले नाही तर बाकी सारे गुण निरुपयोगी ठरतात. जागा आणि ऐपत असेल तर १५० किंवा २०० मिलिमीटर आरशाची डॉब्सोनियन घ्यावी. सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवणारे जॉन डॉब्सन यांनी ही रचना लोकप्रिय केली. तिचा आधार म्हणजे जमिनीवर ठेवायची एक साधी लाकडी पेटी, जी डावी-उजवीकडे आणि वर-खाली सहज वळते. यंत्रणेवर पैसा कमी जात असल्याने तोच पैसा आरशात पडतो. विषुववृत्तीय बैठक, म्हणजे आकाशाच्या फिरण्यासोबत दुर्बीण एका अक्षावर वळवता येणारा आधार, मात्र पहिल्या दुर्बिणीसोबत घेऊ नये. तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखून आपल्या अक्षांशाएवढा कललेला ठेवावा लागतो, आणि ती जुळवण्यातच दहा वर्षांच्या मुलाची संध्याकाळ संपते. आणखी एक खूण लक्षात ठेवावी: न्यूटनच्या पद्धतीच्या आरशाच्या दुर्बिणीची नळी जेमतेम अर्धा मीटर लांब आणि नाभीय अंतर मात्र १००० मिलिमीटर लिहिलेले असेल, तर आत एक जादा भिंग बसवलेले असते. स्वस्त दुर्बिणींत या रचनेची प्रतिमा सहसा तीक्ष्ण येत नाही. नेत्रिका सव्वा इंची मापाच्या आहेत ना, हेही विचारून घ्यावे, म्हणजे पुढे चांगल्या नेत्रिका वेगळ्या घेता येतात.

दुर्बीण निवडताना घराचाही विचार करावा लागतो. २०० मिलिमीटरची डॉब्सोनियन वीस किलोच्या आसपास भरते. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नसेल आणि गच्चीची किल्ली सोसायटीच्या कचेरीत असेल, तर तीच दुर्बीण महिनोन्महिने खोलीतून हलत नाही, आणि तिच्याऐवजी काखोटीला मारून नेता येणारी लहान दुर्बीण दहापट अधिक वापरली जाते. शिवाय दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्यावरून वर जाणाऱ्या हवेमुळे ग्रह पाण्यात पाहिल्यासारखे थरथरतात. अशा ठिकाणी ग्रह मध्यरात्रीनंतर पाहावेत, किंवा मातीचे अंगण शोधावे.

तेजोमेघ आणि दीर्घिका छायाचित्रांतल्यासारख्या रंगीत दिसणार नाहीत, हे दुर्बीण देण्यापूर्वीच सांगून ठेवावे. डोळ्याला त्या करड्याच दिसतात. रंग ताऱ्यांत असतात. हंस तारकासमूहाच्या चोचीतील जोडतारा ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीतही सोनेरी आणि निळसर असा वेगवेगळा दिसतो, आणि तो पाहिलेल्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. कॅमेऱ्याने आपोआप छायाचित्रे जुळवून मोबाइलवर दाखवणाऱ्या नव्या स्मार्ट दुर्बिणी शहरातील उजेडातही उत्तम चित्रे देतात, परंतु त्यांत डोळा लावून पाहणे होत नाही. आकाशाची ओळख झालेल्या छायाचित्रप्रेमीला त्या द्याव्यात, नवशिक्याला नव्हे.

शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहावे. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईत खगोल मंडळ आणि पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी या संस्था वर्षानुवर्षे आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत आल्या आहेत. एका रात्रीत तीन-चार प्रकारच्या दुर्बिणींना डोळा लावता येतो आणि आपल्याला काय हवे ते कुठल्याही जाहिरातीपेक्षा नेमके कळते. विदर्भातील वाचकांना पेंच व्याघ्र प्रकल्पाचा पर्याय आहे. त्याच्या महाराष्ट्रातील भागाला २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

सूर्याबाबत कोणतीही सवलत नाही. दुर्बिणीतून किंवा बायनॉक्युलरमधून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. काही स्वस्त दुर्बिणींसोबत नेत्रिकेत बसवायची लहान काळी काच येते. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते, म्हणून ती मिळताच फेकून द्यावी. सूर्यासाठीची गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, घट्ट बसणारीच हवी. नुसत्या डोळ्यांनी ग्रहण पाहण्याच्या चष्म्यावर आयएसओ १२३१२-२ हे मानक लिहिलेले असावे, आणि तो चष्मा लावून दुर्बिणीतून कधीही पाहू नये. २ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाची खंडग्रास अवस्था पश्चिम भारतातून दिसणार आहे. ढगांनी साथ दिली तर पाहता यावी म्हणून असे चष्मे ओळखीच्या संस्थेकडून आधीच घेऊन ठेवावेत. हिरव्या लेझरची काडी मात्र मुलांना भेट देऊ नये. ती डोळ्यांना इजा करते आणि विमानांनाही धोकादायक ठरते.

आपल्याकडे भिंगांचा खरा शत्रू दमट हवा आहे, विशेषतः कोकण, मुंबई आणि गोव्यात. कातडी किंवा कापडी पिशवीत बंद ठेवलेल्या बायनॉक्युलरच्या भिंगांवर एका पावसाळ्यात बुरशीचे जाळे पसरू शकते, आणि मग काचेवरचा लेपच खराब होतो. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पुड्या ओलसर झाल्या की बदलाव्यात. दुर्बीण भेट देणाऱ्याने असा डबाही सोबत दिला तर ती भेट कितीतरी वर्षे टिकेल.

ज्यांच्याकडे दुर्बीण आधीपासून आहे, त्यांना दुसरी देण्यापेक्षा लहान वस्तू द्याव्यात. लाल उजेडाची विजेरी, पाठ मागे टेकवून वर पाहता येईल अशी घडीची खुर्ची, एक चांगली मधल्या नाभीय अंतराची नेत्रिका, बायनॉक्युलर तिवईवर बसवण्याचा जोड, निरीक्षणे लिहिण्यासाठी जाड कागदाची वही, आकाशाचा नकाशासंग्रह: यांतले काहीही वाया जात नाही. एखाद्या खगोल संस्थेचे वर्षभराचे सदस्यत्व ही मला सर्वांत मोलाची भेट वाटते, कारण तिच्यासोबत शिकवणारी माणसे मिळतात. पैसे घेऊन ताऱ्याला आपल्या माणसाचे नाव देण्याची प्रमाणपत्रे मात्र घेऊ नयेत. ताऱ्यांची अधिकृत नावे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो आणि ती विकली जात नाहीत. या संघाच्या २०१९ मधील उपक्रमात भारताने सुचवलेले 'बिभा' हे नाव एका ताऱ्याला मिळाले, ते भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ. मुलांना प्रमाणपत्राऐवजी ही हकीकत सांगावी.

भेट कोणत्या दिवशी द्यावी, हेही तिथी पाहून ठरवावे. कोजागरीला दुर्बीण दिली तर पूर्ण चंद्रावर सूर्यप्रकाश समोरून पडत असल्याने विवरांच्या सावल्या दिसत नाहीत, चंद्र सपाट आणि डोळे दिपवणारा भासतो, शिवाय त्याच्या उजेडात मंद तारेही लोपतात. शुक्ल पक्षातील सप्तमी ते नवमी हे दिवस त्यासाठी उत्तम. तेव्हा प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या कडा आणि डोंगरांच्या सावल्या उठून दिसतात, चंद्र संध्याकाळीच डोक्यावर असतो, आणि लहान मुलांना त्यासाठी जागरणही करावे लागत नाही.