फॉरमॅट मारण्याआधी: ब्राउझर का कोसळतो, ते घरच्या घरी कसं शोधावं

कुडाळात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कॅबिनेट काउंटरवर टेकवता टेकवताच गिऱ्हाईक सांगतं, "गूगल सारखं बंद पडतंय, फॉरमॅट मारून द्या." मी लगेच फॉरमॅट मारत नाही. ब्राउझर कोसळतो तेव्हा बहुतेक वेळा मागे काहीतरी नोंद राहते, आणि फॉरमॅट मारला की ती नोंदच पुसली जाते. दोष रॅमचा, म्हणजे काम चालू असताना लागणाऱ्या मेमरीचा असेल तर नव्या कोऱ्या विंडोजवरही आठवड्याभरात तेच सुरू होतं. मधल्या मध्ये घरचे फोटो, टॅलीचा डेटा, साठवलेले पासवर्ड मात्र गेलेले असतात. त्या नोंदी कुठे सापडतात, कशा वाचायच्या आणि वाचून काय करायचं, ते इथे सांगतो. यातलं बरंचसं घरी बसून, एक रुपया न घालता जमतं.

मी विंडोज धरून लिहितोय, कारण इकडच्या घरांत तेच असतं. पत्ते आणि आज्ञा इथे देवनागरीत दिसल्या तरी टाइप करताना रोमन अक्षरंच वापरायची.

नेमकं काय बंद पडतं?

"बंद पडतं" या एका शब्दात चार वेगळ्या तक्रारी असतात, आणि त्यांची उत्तरंही चार दिशांना आहेत.

पहिली, एकच टॅब जातो. क्रोममध्ये "ऑ, स्नॅप!" असं लिहिलेलं पान येतं, बाकीचे टॅब चालू राहतात. २००८ साली क्रोम आला तोच या रचनेसह: वेगवेगळे टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायचे, म्हणजे एक पडला तरी दुसरे तगतात. २०१८ पासून डेस्कटॉपवरचा क्रोम वेगवेगळ्या साइट्सनाही एकमेकींपासून अलग ठेवतो. तेव्हा एखाद्या साइटवर कधीमधी टॅब गेला तर रिलोड करा आणि पुढे चला. रोज, निरनिराळ्या साइटवर जात असेल तरच मागे लागायचं.

दुसरी, अख्खा ब्राउझर क्षणात नाहीसा होतो. इथे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम), ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र दाखवणारा भाग चालवणारं सॉफ्टवेअर), अँटिव्हायरस किंवा बिघडलेलं प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज यांचा ब्राउझरमधला साठा) यांच्यावर संशय.

तिसरी, खिडकी पांढरी पडते आणि वर "नॉट रिस्पॉन्डिंग" येतं. हा हँग. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर ब्राउझरला दोष देऊ नका. एसएसडी बसवणं हाच खरा उपाय.

चौथी, मशीनच रिस्टार्ट होतं किंवा निळा पडदा येतो. नुसता ब्राउझर सहसा एवढं करू शकत नाही. सरळ शेवटच्या भागाकडे जा.

आणखी एक गोष्ट या चारांत बसत नाही, पण लोक तीही घेऊन येतात: पूर्ण पडदाभर लाल इशारा, कर्कश आवाज, "तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा." हा बिघाड नसून फसवणूक आहे. फोन करू नका. एस्केप दाबून धरा, तरी सुटलं नाही तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडल्यावर "रिस्टोअर" म्हणू नका. कुणी पैसे दिलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. तिथे वेळ फार मोलाचा असतो.

नोंदी वाचा

"ऑ, स्नॅप!"च्या पानावर खाली बारीक अक्षरात एरर कोड असतो. तो मोबाइलवर फोटो काढून ठेवा. "आउट ऑफ मेमरी" असेल तर मेमरी कमी पडली. "स्टेटस अ‍ॅक्सेस व्हायोलेशन" असेल तर प्रोग्रामने मेमरीतल्या नको त्या जागी हात घातला. त्यामागे एक्स्टेन्शन, अँटिव्हायरस, ड्रायव्हर किंवा खराब रॅम, काहीही असू शकतं.

क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत क्रोम://क्रॅशेस टाइप केलं की अपघातांची यादी येते. त्यात कारण नसतं, पण तारीख-वेळ असते आणि तीच कामाची. फायरफॉक्समध्ये अबाउट:क्रॅशेस. तिथून पाठवलेला अहवाल उघडून वाचताही येतो, कुठल्या फाइलपाशी गाडी अडली ते दिसतं. या बाबतीत फायरफॉक्स मला जास्त आवडतो.

सगळ्यात उपयोगी पान मात्र विंडोजमध्येच आहे, आणि ते कुणी उघडत नाही. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" एवढंच टाइप करा, "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" येईल. दिवसवार तक्ता दिसतो: लाल फुली म्हणजे काहीतरी कोसळलं, निळी खूण म्हणजे काहीतरी बसवलं किंवा अपडेट झालं. क्रोम आपले पुष्कळ अपघात स्वतःच टिपून घेतो, त्यामुळे ते सगळे इथे दिसतील असं नाही. तरीही हा तक्ता दोन गोष्टी सांगतो. एक, त्रास सुरू झाला त्याच्या आदल्या दिवशी काय बसलं होतं? दोन, ब्राउझर एकटाच पडतोय की एक्सेल, पीडीएफ रीडर, गेम हेही पडताहेत?

फुलीवर क्लिक करून तपशील उघडा आणि "फॉल्टिंग मॉड्यूल"पुढचं, म्हणजे ज्या फाइलपाशी प्रोग्राम कोसळला तिचं नाव वाचा. फाइलीचं नाव एनव्हीने सुरू झालं तर बहुधा एनव्हिडियाचा ड्रायव्हर, आयजीने सुरू झालं तर इंटेलचं ग्राफिक्स, एटीआयने किंवा एएमडीने सुरू झालं तर एएमडीचं. अँटिव्हायरसचं नाव दिसलं तर प्रश्नच मिटला. "लाइव्हकर्नलइव्हेंट" आणि पुढे १४१ किंवा ११७ असा आकडा असेल तर ग्राफिक्स अडकलं होतं. दर वेळी तेच नाव येत असेल तर सॉफ्टवेअर. दर वेळी वेगळं नाव, वेगळा प्रोग्राम, तर माझा हात आधी रॅमकडे जातो.

मेमरी

इकडे अजून चार जीबी रॅमची मशीनं भरपूर आहेत. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप वेब, दोन मेल, यूट्यूब आणि सरकारी पोर्टल एकदम उघडलं की एखादा टॅब जाणारच. नेमका तो महाडीबीटीचा अर्धा भरलेला फॉर्म असतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. फॉर्म भरताना बाकी सगळं बंद ठेवा आणि जिथे "सेव्ह" असेल तिथे दर पानाला दाबा.

क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. मेमरीच्या रकान्यावर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावा. कोण किती खातंय ते एका नजरेत कळतं, एक्स्टेन्शनसुद्धा. फायरफॉक्समध्ये हेच अबाउट:प्रोसेसेसवर दिसतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये "परफॉर्मन्स"खाली "मेमरी सेव्हर" आहे, तो चालू करा. न वापरलेले टॅब तो निजवून ठेवतो.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण आठ-सोळा जीबी रॅम असलेले लोकही इथेच अडकतात. विंडोज प्रोग्रामला मेमरी देताना आधी वचन देतं. ही वचनं रॅम आणि पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) यांच्या एकत्रित मर्यादेत बसावी लागतात. कुणीतरी सांगितलेलं असतं, "एसएसडी झिजेल, पेजफाइल बंद करा." ती बंद केली की मर्यादा रॅमपुरतीच उरते, आणि रॅम मोकळी दिसत असतानाही ब्राउझर "आउट ऑफ मेमरी" म्हणून पडतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा आणि "कमिटेड"खालचे दोन आकडे पाहा. पहिला दुसऱ्याला टेकत आला असेल तर कारण सापडलं. "अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज"मधून व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे हीच पेजफाइल, पुन्हा आपोआप सांभाळायला विंडोजकडे द्या. सी ड्राइव्हवर जागाही सोडा. त्या ड्राइव्हची जागा दाखवणारी पट्टी लाल झाली असेल तर पेजफाइलला वाढायला वावच नसतो. फायरफॉक्सने २०२२ मध्ये १०५ व्या आवृत्तीत विंडोजवरची मेमरी संपत आली की थोडं थांबून पुन्हा मागायची सोय केली. जुनी आवृत्ती असेल तर एवढ्यासाठी तरी अपडेट करा.

एक्स्टेन्शन

इन्कॉग्निटो खिडकी उघडा आणि त्यात तासभर नेहमीचं काम करा. मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिथे एक्स्टेन्शन चालत नाहीत. फायरफॉक्समध्ये मदतीच्या मेनूत "ट्रबलशूट मोड" आहे. तिथे सगळं सुरळीत चाललं तर मूळ खिडकीत सगळी एक्स्टेन्शन बंद करा, मग निम्मी चालू करा. पडला तर दोषी त्या निम्म्यात, नाही तर उरलेल्यात. असं निम्मं-निम्मं करत गेलं की दहा-बारांतलं एक सापडायला फार वेळ लागत नाही. व्हिडिओ डाउनलोड करणारी, कूपन शोधणारी आणि पीडीएफ बदलून देणारी आधी तपासा. माझ्याकडे येणाऱ्या मशीनांत दोषी बहुधा त्यांतच सापडतं, आणि ती घरातल्या कुणी मुद्दाम बसवलेलीही नसतात.

ग्राफिक्स

व्हिडिओ किंवा मीटिंग सुरू झाली की पडतो, पडण्याआधी काळे चौकोन किंवा लुकलुक दिसते: ही ग्राफिक्सची लक्षणं. आमच्याकडच्या एक बाई घरून शिकवण्या घेतात. कॅमेरा चालू केला की ब्राउझर गायब, बाकी दिवसभर काही नाही. नोंदीत इंटेल ग्राफिक्सची फाइल होती. सेटिंग्ज, सिस्टिम, तिथे "ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन" बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू केला आणि त्यांचा त्या दिवशीचा वर्ग पार पडला.

पण काम तिथे संपत नाही. हे बंद ठेवलं तर व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर येतो, मशीन तापतं, पंखा ओरडतो. म्हणून नंतर त्यांच्या लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर घालून, ड्रायव्हर बसवला आणि अ‍ॅक्सिलरेशन परत चालू केलं. ड्रायव्हर नेहमी लॅपटॉप किंवा चिपच्या कंपनीकडूनच घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" म्हणणारे प्रोग्राम घेऊ नका, त्यांनी बिघडवलेली मशीनं मी दर महिन्याला पाहतो.

ब्राउझर उघडतच नसेल तर शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, "टार्गेट"च्या शेवटी, अवतरणचिन्हाच्या बाहेर, एक जागा सोडून --डिसेबल-जीपीयू जोडा आणि उघडून पाहा.

प्रोफाइल, अपडेट, अँटिव्हायरस

नवीन प्रोफाइल तयार करून त्यात चालवून बघा. तिथे ठीक असेल तर जुनं प्रोफाइल बिघडलंय. नुसता ब्राउझर काढून परत टाकल्याने हे सहसा सुधारत नाही, कारण प्रोफाइल मागे तसंच राहतं. क्रोमच्या "रीसेट सेटिंग्ज"ने बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत, एक्स्टेन्शन बंद होतात, तेव्हा ते आधी करून पाहायला हरकत नाही.

दोन अँटिव्हायरस एका मशीनवर ठेवू नका. एक काढा, रिस्टार्ट करा, विंडोजचा डिफेंडर घरच्या कामाला पुरतो.

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ हीच शेवटची आवृत्ती, २०२३ पासून पुढची मिळत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनवर बँकेचं काम करू नका.

मशीन

रॅमसाठी स्टार्टमध्ये "मेमरी डायग्नोस्टिक" टाइप करून तपासणी लावा. त्यातून सुटलेला दोष मेमटेस्ट८६ रात्रभर चालवला की बरेचदा सापडतो. एक जरी चूक दाखवली तरी विषय संपला. डेस्कटॉप असेल तर वायर काढा, कॅबिनेट उघडा, रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी संपर्क पेन्सिलच्या खोडरबराने हलके घासा, भुगा झटका, टक आवाज येईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून दोन-दोन दिवस वापरा. आमच्या पावसात संपर्क लवकर मळतात, आणि कॅबिनेटमध्ये मुंग्यांचं वारूळ नाहीतर पालीची अंडी सापडणं नवलाचं नाही. प्रोसेसरचा पंखा ब्रशने साफ करा. मशीन ताण आला की रिस्टार्ट होतं आणि निळा पडदाही येत नाही, तर तापमान आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बघून घ्या.

इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असतील तर एक वेगळी गोष्ट तपासा. त्यांतल्या काहींना जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येते, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो मायक्रोकोड मदरबोर्डच्या बायोस (मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेटमधून येतो. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र अपडेटने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलून घ्यावा लागतो.

हे सगळं करूनही सुटलं नाही आणि फॉरमॅट मारायचाच ठरला, तर दुकानात देण्याआधी बुकमार्क फाइलमध्ये काढून घ्या. पासवर्ड एक्स्पोर्ट करून घ्या, कारण प्रोफाइलचा फोल्डर नुसता कॉपी केला तर ते नव्या विंडोजवर उघडत नाहीत, आणि काम झालं की ती फाइल लगेच पुसा, त्यात सगळे पासवर्ड उघडे असतात. डेस्कटॉप आणि डाउनलोड्समधल्या फाइलीही सहसा सी ड्राइव्हवरच असतात, त्या पेन ड्राइव्हवर घ्या. जुनी कागदपत्रं श्रीलिपीत किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर ते फॉन्टही सोबत घ्या.