अनोळखी सिकाडा कसा ओळखावा?

भर दुपारी झाडावरून करवत चालल्यासारखा आवाज येतो आणि वर पाहिलं तर काहीच दिसत नाही. हा बहुधा सिकाडा, म्हणजे झाडावर बसून मोठ्याने गाणारा पंखांचा किडा. अशा वेळी किडा शोधण्याआधी मोबाइलवर त्याचा आवाज रेकॉर्ड करा, निदान एक मिनिट. वेळ आणि झाडही लिहून ठेवा, कारण काही जाती फक्त तिन्हीसांजेला गातात. माझ्या मते आवाजाइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. अमेरिकेत दर १७ वर्षांनी जमिनीतून वर येणाऱ्या तीन जाती आहेत. तिन्हींचं अंग काळं आणि डोळे लाल, पण नरांचं गाणं मात्र साफ वेगळं.

किडा सापडलाच तर तो रातकिडा नाही ना, हे आधी बघा. रातकिड्याच्या मिशा लांब असतात आणि मागचे पाय उडीसाठी जाडजूड. सिकाडाच्या मिशा केसासारख्या आखूड. मोठे डोळे डोक्याच्या दोन कडांना, त्यांच्यामध्ये तीन बारीक साधे डोळे.

मग शेजारी पट्टी धरून वरून, बाजूने आणि खालून फोटो घ्या. खालचा फोटो हमखास राहून जातो, आणि नेमका तोच मोलाचा असतो. नराच्या पोटाच्या सुरुवातीला दोन झाकणं दिसतात, त्यांचा आकार जातीनुसार बदलतो. पंखांवरच्या शिरा आणि डागही टिपा. रंगावर मात्र विसंबू नका. नुकतीच कात टाकलेला सिकाडा फिकट असतो, काही तासांत गडद होतो.

आता आवाजाचं. रातकिडा पंखावर पंख घासतो. सिकाडा नराच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना टिंबल नावाचे, बरगड्यांसारख्या पट्ट्या असलेले पडदे असतात. आतला स्नायू ओढला की पडदा आत दबतो, ‘टिक’. सैल सोडला की पुन्हा बाहेर येतो. पत्र्याच्या डब्याचं झाकण दाबून सोडावं, अगदी तसं. काही जातींत हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं, म्हणून आपल्याला एकच सलग सूर ऐकू येतो. नराचं पोट जवळजवळ पोकळ असतं, ते तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं आवाज घुमवतं. आफ्रिकेतल्या एका जातीचा आवाज ५० सेंटिमीटरवरून १०६.७ डेसिबल मोजला गेला आहे!

हातात धरल्यावर किडा किंचाळला, तर बहुधा तो नर आहे. पण ही धोक्याची हाक, गाणं नव्हे. ओळख पटवायला हे रेकॉर्डिंग वापरू नका, आणि त्याला लगेच त्याच खोडावर सोडा.