हाय टेन्शन लाईनजवळचं चुंबकीय फील्ड कसं मोजायचं
भांडुप-मुलुंडकडे लाईनला लागून घर असेल तर मोबाईल ॲपच्या नादी लागू नका, ते मुख्यतः पृथ्वीचंच चुंबकत्व दाखवतं, आपल्याला हवंय तारांमधल्या ५० हर्ट्झच्या एसी करंटचं. थ्री-ॲक्सिस गॉसमीटर (तिन्ही दिशांचं चुंबकीय फील्ड एकदम मोजणारा मीटर) घ्या, जमिनीपासून १ मीटरवर धरा, तारांखालून सुरू करून लांब जात रीडिंग लिहा, वेळही लिहा कारण लाईनमधल्या करंटप्रमाणे आकडा बदलतो, मे महिन्यात सगळे एसी चालू असताना तर परत मोजाच.

पलंगाजवळ मोजणं सगळ्यात महत्त्वाचं, तिथे आपण तासन्‌तास असतो. मेन स्विच बंद करून पुन्हा मोजा, म्हणजे घरातलं किती नि बाहेरचं किती ते कळतं. आयसीएनआयआरपी या किरणोत्सारापासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१० ची सर्वसामान्यांसाठीची मर्यादा २०० मायक्रोटेस्ला, म्हणजे २००० मिलिगॉस. आणि प्लीज, गच्चीवरून काठीला मीटर बांधून तारांकडे नेऊ नका.