/यूएसआरचा वाद जरूर घाला, पण चालू सर्व्हरवर नको : या चुका टाळा

वाशीत शनिवार-रविवार लिनक्स शिकवतो. प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी पहिल्याच आठवड्यात विचारतं, "सर, /बिन पण आहे आणि /यूएसआर/बिन पण. दोन कशाला? एकच ठेवलं तर?" दोन्ही प्रोग्रॅम ठेवायच्या डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर; त्या एकत्र कराव्यात की नाही, हाच /यूएसआरचा वाद. प्रश्न मला मनापासून आवडतो. मला भीती वाटते ती उत्तर पुरतं ऐकायच्या आधीच साफसफाईला लागणाऱ्यांची.

रूटमधला 'पसारा' आवरणं

नव्या उबंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) रूटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या डिरेक्टरीत, 'एलएस -एल' ही यादी दाखवणारी आज्ञा मारून बघा. /बिन, /एसबिन, /लिब या खऱ्या डिरेक्टरी उरलेल्याच नाहीत. त्या /यूएसआरच्या आत नेणाऱ्या सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या लिंक, आहेत. हे माहीत नसलं की त्या डुप्लिकेट वाटतात.

महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत माझ्याकडे शिकून गेलेला मुलगा सर्व्हर सांभाळत होता. उबंटू 22.04. त्याला रूटमध्ये /लिब, /लिब32, /लिब64 आणि /लिबएक्स32 अशा चार लिंक दिसल्या. त्यानं /लिब32 उडवली, काही बिघडलं नाही. /लिबएक्स32 उडवली, तरी सगळं ठीक. मग /लिब64मध्ये डोकावला तर आत एकच फाइल. ती लिंकही उडवली.

त्यानंतर एलएस मारलं तर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. सीपी, तेच. सुडो, तेच. फाइल तर जागेवर आहे, मग नाही का म्हणतोय? कारण तक्रार एलएसबद्दल नसतेच. अशा प्रत्येक 64-बिट प्रोग्रॅममध्ये त्याला मेमरीत चढवणाऱ्या लोडरचा पत्ता लिहिलेला असतो, आणि तो पत्ता /लिब64पासून सुरू होतो. लोडरच सापडेना, म्हणून काहीच सुरू होईना.

त्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्याहून वाशी लोकलमध्ये होतो, रबाळे नुकतंच गेलं होतं. "सर, रीबूट करून बघू का?" मी ओरडलोच. "अजिबात नको! आणि ती विंडो बंद करू नकोस. जागेवरून उठूसुद्धा नकोस." त्या विंडोत आज्ञा घेणारी बॅश आधीच मेमरीत होती, म्हणून जिवंत होती. नवीन लॉगिन शक्यच नव्हतं. नशिबानं ती विंडो रूटची, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याची, होती.

घणसोलीला उतरलो आणि बाकड्यावर बसून एकेक अक्षर सांगत गेलो. बॅशच्या स्वतःच्या आज्ञा अशा वेळी चालतात. एलएस नसलं तरी 'इको *' फाइलींची नावं दाखवतं. आणि लोडर हा स्वतःच चालवता येणारा प्रोग्रॅम आहे. /लिबच्या आतला त्याचा पूर्ण पत्ता लिहायचा, पुढे लिंक बनवणाऱ्या एलएनचा पूर्ण पत्ता, मग -एस, यूएसआर/लिब64 आणि /लिब64. पहिल्यांदा चुकलं, कारण डिरेक्टरीच्या नावात एक्स86 नंतर अंडरस्कोर आहे आणि लोडरच्या नावात डॅश. दुसऱ्या खेपेला लिंक बसली आणि एलएसनं यादी दाखवली. पोरगा फोनवर रडत होता.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे : रूटमध्ये हात घालायचा तर दुसरी रूट विंडो आधी उघडून ठेवायची, आणि प्रत्येक मशीनवर स्टॅटिक बिझीबॉक्स, म्हणजे एलएस, सीपीसारख्या आज्ञा एकाच फाइलीत असलेला प्रोग्रॅम, असायलाच हवा. त्याला लोडर लागत नाही.

आता त्या मूळ प्रश्नाचं उत्तर. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये युनिक्सची पहिली डिस्क भरली. उरलेली सिस्टिम दुसऱ्या डिस्कवर गेली, आणि ती /यूएसआरवर माउंट केलेली, म्हणजे जोडलेली होती. तिथे तोवर वापरकर्त्यांच्या फाइली असायच्या. म्हणजे ही फाळणी जागेच्या टंचाईतून आली. पुढे तिला कारण चिकटलं : बूट होताना लागणारं /बिनमध्ये, बाकीचं /यूएसआरमध्ये. आता ते सुरुवातीचं काम इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना मेमरीत चढणारी छोटी फाइलसिस्टिम, करतं. म्हणून फेडोरा 17 या लिनक्सनं 2012 साली दोन्ही एकत्र केलं, आणि डेबियन 12नं 2023मध्ये ते सक्तीचं केलं. मला हे एकत्रीकरण पटतं. विरोधकांना /यूएसआर डिस्कच्या वेगळ्या भागावर, म्हणजे पार्टिशनवर, हवं असतं; तसं मी स्वतः अनेक वर्षं वापरलं आहे, पण आज त्याच्यासाठी भांडावं असं वाटत नाही. जुन्या स्क्रिप्टांत मात्र /बिन/एसएच लिहिलेलं असतं, आणि त्या लिंक त्यांच्यासाठीच आहेत.

/यूएसआर/बिनमध्ये हातानं काही टाकणं

/यूएसआर पॅकेज मॅनेजरचं (सिस्टिमचे प्रोग्रॅम बसवणारं साधन), /यूएसआर/लोकल तुमचं. एवढी वाटणी पाळली तर निम्मे फोन मला येणार नाहीत. सगळ्यात जास्त मार खातो पायथन, ही प्रोग्रॅमिंगची भाषा. नवीन आवृत्ती कंपाइल करून मुलं /यूएसआर/बिन/पायथन3ची लिंक तिकडे वळवतात. उबंटूची स्वतःची कितीतरी साधनं त्याच पायथनवर चालतात. मग 'एपीटी_पीकेजी सापडत नाही' असा एरर येतो आणि काहींच्या डेस्कटॉपवर टर्मिनलच उघडत नाही. उपाय : लिंक होती तशी परत करा. तुमचं पायथन 'मेक ऑल्टइन्स्टॉल'नं /यूएसआर/लोकलमध्ये बसवा आणि प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे पायथनची वेगळी जागा, करा. पायथनची पॅकेजेस बसवणारं पिप अडवतं तेव्हा 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' लावून पुढे जाणाऱ्यांचा मला राग येतो. त्या पर्यायाच्या नावातच इशारा आहे, तो वाचा.

बाकीच्या, थोडक्यात

/टीएमपीत, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या जागेत, कामाची फाइल ठेवू नका. डेबियन 13पासून ते डिफॉल्टनं रॅममध्येच असतं, रीबूट झालं की गेलं.

जागा कमी पडली म्हणून /व्हार/लिब पुसू नका. डेटाबेस तिथेच राहतात. आधी /व्हार/लॉग आणि /व्हार/कॅश बघा.

/लिब आणि /यूएसआर/लिबचा आकार सारखा दिसला म्हणजे दोन प्रती आहेत असं नाही. आकार मोजणाऱ्या डीयूला शेवटी स्लॅश दिलात की ते लिंकच्या पलीकडचं मोजतं.

/ईटीसीत, म्हणजे सेटिंगच्या फाइलींच्या जागेत, बदल करण्याआधी मी त्या फाइलची तारखेसह प्रत माझ्या होममध्ये ठेवतो, /ईटीसीच्या आत नाही. काही सर्व्हिस त्यांच्या कॉन्फिग डिरेक्टरीतली दिसेल ती फाइल वाचतात आणि तुमची जुनी प्रतही लागू करून बसतात.